दापोलीचे मिशन हायस्कूल व सावित्रीकाठच्या पालकांची पारख

जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. त्यानंतरच्या पंधरवड्यात प्रस्तुत लेखक एका परिचितांच्या घरी ओले कागद वाळत घालण्याच्या कामी गेला होता. मोडी दस्तऐवजांचे एक गाठोडे माळ्यावर असल्यामुळे बचावले होते. ते घरच्यांनी आदराने वेगळे काढून ठेवले. त्याच्याच बरोबर निघालेले शाळेचे दाखले, फीच्या पावत्या व बक्षीस मिळालेल्या दोन पुस्तकांची कव्हरे मात्र अंगणातील कचऱ्याच्या ढिगावर गेली. त्या दाखल्यांपैकी एक कोकणातील मिशनच्या शाळेचा होता. त्याच दिवशी सायंकाळी घरातील तरुण गृहस्थ लेखकास म्हणाले, “गुरुजी, घाटावरच्या एका मिशनच्या शाळेत मुलीचे नाव घालावे असा विचार आहे. आपली सारी हयात शाळेत गेली. शाळा पाहायची ती कशी?”

हा प्रश्न ऐकून लेखकास अंगणातील त्या दाखल्याची आठवण झाली. ज्या प्रश्नाचे उत्तर ते गृहस्थ लेखकास विचारीत होते, तो प्रश्न त्यांच्या पणजोबांच्या वडिलांनीही एकदा सोडविला होता, आणि त्याचा पुरावा सकाळी कचऱ्यात गेला होता. मिशनच्या लहानशा इंग्रजी शाळेची पारख आपल्या भागातील पालकांनी कोणत्या कसोट्यांवर केली, ती कितपत बरोबर ठरली व कोठे चुकली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणासाठी दापोलीचे मिशन हायस्कूल घेतले आहे. महाड, पोलादपूर व आमचे वीर यांना सावित्रीपलीकडचे दापोली तसे जवळचेच. मध्ये एक मंडणगड तालुका.

(१)

सावित्रीकाठी मिशनचा पहिला पाय पडला तो दापोलीच्या शाळेच्या कितीतरी आधी. नदीच्या मुखावरील बाणकोट इ. स. १७५६ पासून इंग्रजांकडे होते. पेशवाई जाऊन पाच वर्षे होतात न होतात तोच, १८२३ मध्ये, स्कॉटिश मिशनरी सोसायटीने तेथे आपले ठाणे घातले व आसपास मराठी शाळा काढल्या. या मंडळीत पुढे आलेला जॉन स्टीव्हन्सन याने १८४२ मध्ये सामवेदसंहितेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे मुंबईत ख्यातनाम झालेला जॉन विल्सन १८२९ मध्ये हिंदुस्थानात आल्यावर मराठी शिकण्यासाठी प्रथम याच किनाऱ्यावर राहिला होता. म्हणजे आमच्या लोकांनी ज्यांची परीक्षा करावयाची, ते परीक्ष्य पुरुष स्वतः आमच्याच भाषेचे विद्यार्थी होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु हे मिशन स्कॉटलंडच्या चर्चचे; आणि शाळा लेखन, वाचन व हिशेब एवढ्यापुरत्याच. पंतोजीच्या शाळेहून त्या फारशा निराळ्या नव्हत्या. पालकापुढे खरा पेच उभा राहिला तो इंग्रजी शिक्षणास महत्त्व आल्यानंतर.

(२)

हा पेच किती जीवघेणा होता, हे मुंबईतील दोन प्रकरणांवरून कळते. १८३९ मध्ये विल्सनच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पारशी समाजात खळबळ उडाली, प्रकरण न्यायालयात गेले व शाळेतील पुष्कळ मुले पालकांनी काढून नेली. पुढे १८४३ मध्ये स्कॉटिश मिशनच्याच शाळेतील नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन असल्यामुळे न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. घ्यावे, या पक्षाचे अग्रणी कोकणातीलच बाळशास्त्री जांभेकर होते.

या दोन प्रकरणांनंतर मिशनची शाळा म्हटली की पालकाच्या मनात प्रथम भय उभे राही. मुंबईतील मनी स्कूल हे चर्च ऑफ इंग्लंडच्या अनुयायांनी चालविलेल्या चर्च मिशनरी सोसायटीचे. विल्सनची शाळा स्कॉटिश. परंतु हा भेद पालकाच्या लेखी नव्हता. त्याच्या दृष्टीने सर्व पादरी सारखेच होते.

येथे न्यायशास्त्राच्या परिभाषेत एक गोष्ट सांगितली तर ती अस्थानी होणार नाही. मिशनच्या शाळेविषयी मत बनविताना लोकांपुढे तीन प्रमाणे होती. पहिले शब्दप्रमाण, म्हणजे मिशनऱ्यांचे स्वतःचे अहवाल. ते विलायतेतील देणगीदारांसाठी लिहिलेले असल्यामुळे त्यांत धर्मप्रसाराच्या आशेस अधिक जागा असे. दुसरे अनुमान: जेथे मिशनची शाळा, तेथे धर्मांतर. तिसरे प्रत्यक्ष, म्हणजे शेजाऱ्याचा मुलगा त्या शाळेत जाऊन काय होऊन आला, हे डोळ्यांनी पाहणे. आमच्या इतिहासलेखनात पहिल्या दोन प्रमाणांचा भरणा फार झाला आहे. अहवाल छापले गेले म्हणून जपले गेले, व भयाचे वाद वृत्तपत्रांत आले म्हणून तेही टिकले. सामान्य पालक मात्र तिसऱ्या प्रमाणाने चालला.

(३)

१८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने खाजगी शाळांस सरकारी अनुदान देण्याची पद्धत सुरू केली. अनुदान ऐहिक शिक्षणासाठी. शाळेत कोणता धर्म शिकविला जातो याकडे तपासनिसाने लक्ष देऊ नये, असे त्यात स्पष्ट होते. अनुदान घेणाऱ्या शाळेने मुलांकडून थोडी तरी फी घ्यावी, हेही त्यातच सांगितले होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक्युलेशनची परीक्षा झाली. या दोन गोष्टींनी पालकाचा हिशेब पार बदलून टाकला. आता शाळेची परीक्षा करण्यास एक बाहेरचा, निःपक्षपाती मापदंड मिळाला. मिशनऱ्याचा दावा काही असो, विद्यापीठाच्या यादीत त्याच्या शाळेची किती मुले आली, हे कोणासही पाहता येई.

सरकारचे धोरण सामान्यतः जिल्ह्याच्या ठिकाणी एक हायस्कूल ठेवण्याचे होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर शिकले ते रत्नागिरीच्या सरकारी शाळेत. पण महाड, पोलादपूर, मंडणगड, खेड येथील मुलास रत्नागिरी काय आणि अलिबाग काय, दोन्ही दूरच. अशा स्थितीत दापोलीस हायस्कूल निघाले, ते मिशनचे. दापोली हे लष्करी छावणीचे गाव; म्हणून त्यास ‘कॅम्प दापोली’ हे नाव पडले. येथील मिशन सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल या, इ. स. १७०१ मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या संस्थेचे. ही संस्था चर्च ऑफ इंग्लंडची. तेव्हा दापोलीची शाळा म्हणजे त्या चर्चचे, कोकणातील एका तालुक्याच्या गावी चाललेले, लहानसे हायस्कूल होय. अल्फ्रेड गॅडने या मिशनऱ्याचे नाव या शाळेशी कायमचे जोडले गेले असून, आज ए. जी. हायस्कूल म्हणून ती ओळखली जाते. शाळा आता दापोली एज्युकेशन सोसायटीकडे आहे.

(४)

या शाळेत मुलास घालणाऱ्या पालकाने कोणकोणत्या गोष्टी तोलून पाहिल्या असतील? शाळेची स्थिती, विद्यापीठाचे नियम व शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांचे चरित्र एकत्र ठेवले असता चार कसोट्या निष्पन्न होतात.

पहिली कसोटी अंतराची. मुलगा शनिवारी घरी येऊ शकतो काय, आणि येथे नात्यागोत्यातील कोणाच्या घरी त्याच्या जेवणाची सोय होते काय, हे पाहिल्याशिवाय कोकणातील गृहस्थ पुढचे बोलत नसे. मुलगा जेवतो स्वजातीच्या घरी व शिकतो पादऱ्याच्या वर्गात, ही वाटणी त्या काळच्या पालकाने स्वतः काढलेली तोड होती. बहुतेक भीतीचा निरास तिनेच केला.

दुसरी कसोटी फळाची. मॅट्रिक झालेल्या मुलास कारकुनी, मास्तरकी वा वकिलीची वाट मोकळी होई. मॅट्रिकला इंग्रजीबरोबर दुसरी भाषा लागे, व आमच्या मुलांची ती बहुधा संस्कृत असे. म्हणून चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळेतही संस्कृत शिकविणे भागच होते. बायबल शिकविण्यासाठी काढलेल्या शाळेत शब्दरूपावली पाठ होत असे, या गोष्टीतील विनोद पालकाच्या लक्षात आला नसेल असे मानण्याचे कारण नाही.

तिसरी कसोटी धर्माच्या तासाची. मिशनच्या शाळेत बायबलचा तास नित्यक्रमाचा भाग असे. हा प्रश्न एकट्या दापोलीचा नव्हता. १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर कमिशनपुढे तो आला, व त्याच्या अहवालात अशी शिफारस आली की, ज्या गावी विशिष्ट दर्जाची एकच शाळा असेल व तीत धर्मशिक्षण नित्यक्रमात असेल, तेथे पालकास आपला मुलगा त्या तासापुरता वगळून घेता यावा, आणि त्यामुळे शाळेच्या इतर लाभांस त्याने मुकू नये. या शिफारशीतील ‘एकच शाळा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्यास निवड आहे, त्याचे स्वातंत्र्य त्याच्या पायांत असते. तो दुसरीकडे जातो. ज्यास निवडच नाही, त्याचे स्वातंत्र्य नियमाने राखावे लागते. कमिशनचा हा विचार पुढे २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदात अधिक व्यापक रूपाने आला. शासनमान्य वा अनुदानित शाळेत कोणाही विद्यार्थ्यास त्याच्या, व तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही.

चौथी कसोटी पंक्तीची, म्हणजे मुलाच्या शेजारी कोण बसतो याची. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावा लागेल.

(५)

आता प्रत्यक्षाकडे वळू. दापोलीच्या या मिशन हायस्कुलातून १८९७ मध्ये एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. वडील दापोलीस वकिली करीत. हा विद्यार्थी म्हणजे पांडुरंग वामन काणे. पुढे त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिले. पहिला १९३० मध्ये व शेवटचा १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६३ मध्ये त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. हिंदु धर्मशास्त्रावरील विसाव्या शतकातील सर्वांत मोठा ग्रंथ ज्यांच्या हातून झाला, त्यांचे शालेय शिक्षण चर्च ऑफ इंग्लंडच्या मिशनमध्ये झाले होते. एवढेच नव्हे, तर श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणात १८४३ साली ज्या प्रायश्चित्ताच्या प्रश्नाने मुंबई हादरली, त्या पातक व प्रायश्चित्त या विषयाचे शांत, साधार विवेचन १९५३ च्या चौथ्या खंडात मिळते. ज्या शाळांचे भय, त्याच प्रकारच्या एका शाळेतून भयाचे निराकरण करणारा ग्रंथकार निघाला.

दुसरे उदाहरण पालगडच्या पांडुरंग सदाशिव साने यांचे. जन्म १८९९ चा. तेही दापोलीच्या मिशन शाळेत शिकले. पुढे घरच्या गरिबीमुळे औंधास गेले. आईच्या संस्कारांची जी कथा त्यांनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिली, तिच्यातील श्यामही दापोलीस शिकतो. घरचा धर्म व शाळेची विद्या यांची ओढाताण त्या मुलात दिसत नाही. दोन्ही एकमेकांस पोसतात.

येथे कोणी म्हणेल की, दोन उदाहरणांवरून व्याप्ती सिद्ध होत नाही. हे खरे आहे, आणि बेळगावास मिशनच्या शाळेत शिकलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले, हेही खरे आहे. परंतु त्याच न्यायाने उलट अनुमानही टिकत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले नारायण वामन टिळक नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकले, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शास्त्र्यांच्या पायाशी बसलेला ख्रिस्ती झाला, व पादऱ्याच्या वर्गात बसलेला धर्मशास्त्राचा इतिहासकार झाला. अन्वयही मोडला व व्यतिरेकही मोडला. मग शाळा व धर्मांतर यांचा कार्यकारणभाव मानावयाचा तो कशाच्या बळावर? पालकांनी छापील वादापेक्षा शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहिले, हे त्यांनी योग्यच केले असे म्हणावे लागते.

(६)

इथवर पालकाच्या बाजूने निकाल दिला. परंतु ज्या पालकाची ही पारख आपण वाखाणली, तो विशिष्ट वर्गाचा होता, हे सांगितल्यावाचून लेख संपविणे प्रामाणिक होणार नाही. आता चौथी कसोटी.

कॅम्प दापोलीत महार पलटणीतील पेन्शनरांची मोठी वस्ती होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या दशकात त्यांनी आपल्या मुलांस तेथील सार्वजनिक शाळेत घ्यावे म्हणून अर्ज-विनंत्या केल्या. प्रवेश मिळाला तो शाळेच्या ओसरीपुरता. या चळवळीशी संबंध असलेले गोपाळबाबा वलंगकर हे आमच्या महाड तालुक्यातील रावढळचे. १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांची १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा इतर सभासदांस ती रुचली नाही.

वीरच्या जवळचे दासगाव घ्या. १९०३ मध्ये जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे दासगावी वाढले. परीक्षेत शिष्यवृत्ती मिळविलेल्या या मुलास महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला. मुलाने वृत्तपत्रात पत्र पाठविले. सरकारी अनुदानाचा प्रश्न निघेल हे दिसताच प्रवेश मिळाला, पण बसावयाचे वर्गाबाहेर. याच मोऱ्यांनी पुढे १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास भरलेल्या परिषदेच्या उभारणीत मोठा भाग घेतला, व तीतूनच चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला.

या मुलांच्या वडिलांनी शाळेची पारख कशी करावयाची होती? अंतर, फळ व धर्माचा तास या तीन कसोट्या त्यांच्यापुढे येण्यापूर्वीच चौथीने दार बंद केले होते. ‘माझ्या मुलाच्या शेजारी कोण बसतो’ हा एका पालकाचा प्रश्न, दुसऱ्याच्या मुलाची जागा ओसरीवर ठरवीत होता. पुण्यात जोतीराव फुले १८४१ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले, त्याचे मर्म येथे आहे. त्यांनीच १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा मांडली. एकाच कमिशनपुढे एका वर्गाच्या पालकाचा प्रश्न धर्माच्या तासातून सुटका मिळावी हा होता, तर दुसऱ्याचा प्रश्न मुळात शाळाच मिळावी हा होता.

दापोलीच्या शाळेचा दुसरा विद्यार्थी या ठिकाणी पुन्हा आठवतो. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले. पालकांनी जी कसोटी उलट्या बाजूने लावली होती, ती त्या शाळेच्या एका विद्यार्थ्याने सुलट करून दाखविली. हे शाळेचे श्रेय म्हणावे की आईचे, हा वाद येथे नको.

(७)

आज चर्च ऑफ इंग्लंड हे नाव येथील शाळांस लागू नाही. हिंदुस्थानातील ते चर्च १९३० मध्ये स्वतंत्र झाले, व २९ नोव्हेंबर १९७० रोजी इतर पंथांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाले. १८६९ पासूनचा कुलाबा जिल्हा १९८१ पासून रायगड झाला. १९९३ मध्ये रोह्यापासून वीरपर्यंत कोकण रेल्वे आली, आणि पोलादपूरचा घाट चढून पाचगणीच्या शाळांत मूल ठेवणे कोणास दूर वाटत नाही. पण त्या तरुण गृहस्थांचा प्रश्न जुनाच आहे. लेखकाने त्यांस सांगितले ते असे: शाळेची छापील पुस्तिका हे शब्दप्रमाण, ते ऐकावे, पण त्यावर थांबू नये. लोकांच्या बोलण्यावरून भय धरू नये. तेथे शिकून आलेली दोन मुले गाठून त्यांच्याशी बोलावे. धर्मशिक्षणाच्या तासाविषयी शाळेचा नियम लेखी मागावा; तो आपला हक्क आहे. आणि वर्गाच्या दाराशी उभे राहून सर्वांत गरीब घरचे मूल कोठे बसले आहे, तेवढे पाहून घ्यावे. ते पहिल्या बाकावर असेल, तर आपली मुलगीही तेथे सुखरूप आहे असे समजावे.

संग्राहकांस मात्र एक विनंती आहे. सनदा, महजर व कैफियती जपण्याची दृष्टी आपणांस पूर्वसूरींनी दिली. तीच दृष्टी आता शाळेच्या कागदांकडे वळली पाहिजे. प्रवेशाची नोंदबुके, तपासनिसांच्या शेऱ्यांची पुस्तके, दाखले, फीच्या पावत्या, बक्षिसांवरील लेबले, आणि विशेषतः मुलाच्या बिऱ्हाडाची व जेवणाची सोय करण्यासाठी नातेवाइकांस लिहिलेली मोडी पत्रे, ही सर्व पालकांच्या पारखीची अस्सल साधने होत. मिशनच्या अहवालाची एक प्रत मुंबईस बुडाली तर दुसरी लंडनास सापडेल. वीरच्या माळ्यावरील पत्राची दुसरी प्रत कोठेही नाही. सावित्रीस पूर दरवर्षी येतो. तेव्हा पुढील पावसाळ्यापूर्वी प्रत्येकाने निदान आपल्या आळीतील एक पेटी उघडून पाहावी, आणि मोडी कागद वेगळे काढताना त्यांच्याखालचा शाळेचा दाखलाही उचलून ठेवावा.